घराची वही, घरीच बांधलेली

मैत्रिणींनो, डिसेंबर उजाडला की घरात डायऱ्या येऊ लागतात. यजमानांना कचेरीतून एक मिळते, बँकेतून एक, औषधांच्या दुकानातून एक. त्यातली बरीशी आपण ठेवून घेतो, पहिल्या पानावर नाव घालतो आणि संक्रांतीपर्यंत नेमानं लिहितो. पुढं ती डायरी इस्त्रीच्या हिशेबाला, नाहीतर मुलांच्या चित्रांना जाते. मग आपणच म्हणतो, "मला मेलीला चिकाटीच नाही!"

चिकाटीचा प्रश्न नाही, बरं का! ती डायरी एकदा नीट उघडून पाहा. पुष्कळ डायऱ्यांत सोमवार ते शुक्रवार ऐसपैस आणि शनिवार-रविवार खाली कोपऱ्यात कोंबलेले. म्हणजे ती कचेरीत जाणाऱ्यासाठी आखलेली. आपला रविवार कसा असतो? पाहुणे, आठवड्याची भाजी, इडलीचं पीठ, मुलांचे गणवेश, राहिलेली शिवण. ज्या दिवशी सर्वांत जास्त लिहायचं, त्याच दिवशी जागा नाही! दुसऱ्याच्या मापाचं झंपर अंगाला बसलं नाही, तर दोष अंगाचा कसा?

भिंतीवरचं कॅलेंडर आपल्याला जवळचं. जयंतराव साळगांवकरांनी १९७३ साली 'कालनिर्णय' सुरू केलं. आज कितीतरी घरांत तिथी आणि सणांच्या शेजारीच दुधाचा खाडा मांडलेला दिसतो. पण त्या एवढ्याशा चौकोनात मावणार किती? आणि मोबाइल? त्यात गजर लावता येतो, खरं आहे. पण तो वाजतो आपल्या एकटीच्या पर्समध्ये. घरातल्या इतरांना त्याचा पत्ता नसतो.

मुद्दा इथंच आहे. गॅस कधी लावला, सासूबाईंची रक्तदाबाची गोळी कोणती, धाकट्याची फी कधी भरायची, हे सगळं एकाच डोक्यात साठलेलं असतं. ते डोकं चार दिवस तापानं पडलं, की घर अडतं. एरवी मात्र हे काम कुणाला दिसत नाही, म्हणून "दिवसभर तू करतेस तरी काय?" असं विचारायला लोक मोकळे! यंदा घराची वही घरीच बांधू या. आपल्या मापाची, आणि सगळ्यांना वाचता येईल अशी.

कागद किती लागेल?

ए-फोर मापाचे साधे कागद घ्या. एक कागद मधोमध दुमडला की त्याची चार पानं होतात, आणि पान सुमारे १५ सेंटिमीटर रुंद व २१ सेंटिमीटर उंच येतं. असे ७ कागद एकात एक घातले की २८ पानं झाली. आता गंमत पाहा. पहिलं आणि शेवटचं पान एकेकटं राहतं, आणि मधे समोरासमोरच्या पानांच्या बरोबर १३ जोड्या होतात. तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही! अशा चार वह्या म्हणजे ५२ आठवडे. वर्षाचा उरलेला एखादा दिवस शेवटच्या पानावर बसतो. वर्षभराची जाडजूड वही करू नका. तिमाहीची वही हलकी राहते, पिशवीत मावते, आणि बिघडली तर तीनच महिन्यांची बिघडते.

मुलांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं शिल्लक असतील तर तीही चालतील. मधली जोडपानं टाचण्या काढून अलगद सोडवून घ्या. माप थोडं कमीजास्त झालं तरी हरकत नाही, पण एका वहीत सगळी पानं एकाच मापाची हवीत.

शिवण अगदी सोपी. सातही कागद एकत्र दुमडा आणि घडीवर वाटीची कड दाबून फिरवा. वही उघडून घडीवर तीन भोकं पाडा: एक मधोमध, दोन कडांपासून चार-चार सेंटिमीटरवर. दाभणानं पाडली की सुई सहज जाते. गोधडीचा जाड दोरा घ्या. मधल्या भोकातून सुई आतून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, आतल्या आत खाली नेऊन खालच्या भोकातून बाहेर काढा आणि पुन्हा मधल्या भोकातून आत आणा. दोऱ्याची दोन टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना येतील. त्या टाक्यावरून गाठ मारली की झालं.

पानं कशी आखायची?

डावं पान दिवसांचं. वरची ३ सेंटिमीटर जागा तारखा आणि तिथींना ठेवा. खाली १८ सेंटिमीटर उरतात. सोमवार ते शनिवार प्रत्येकी सव्वादोन सेंटिमीटर द्या, रविवारला साडेचार. रविवार दुप्पट! ज्यांची सुट्टी गुरुवारी किंवा शुक्रवारी असते, त्यांनी तो दिवस मोठा करावा. आपल्या हातची वही असण्याचा फायदा तोच.

उजवं पान चार भागांचं. पहिला भाग जेवणाच्या बेताचा. रोजचा सविस्तर बेत नको, आधी तयारी लागते तेवढंच लिहा: उसळीसाठी मटकी भिजवणे, विरजण, डोशाचं पीठ. दुसरा भाग खाड्यांचा. दूध रोज येतं, कामाच्या बाई रोज येतात, मग रोज खूण कशाला? न आलेला दिवस तेवढा लिहावा, म्हणजे महिनाअखेर हिशेब चटकन होतो आणि वाद होत नाहीत. तिसरा भाग "संपत आलेलं". इथं एक नियम घालून द्या: जो डबा संपवील, तो लिहील. चहापत्तीचा तळ दिसला की यजमानांनी लिहायचं, कंपासमधली पेन्सिल संपली की मुलानं लिहायचं. पहिले आठ दिवस आठवण द्यावी लागेल, पण सांगितल्याशिवाय आपण होऊन लिहू नका. चौथ्या भागाबद्दल शेवटी सांगते.

कायमची वही

पाचवी वही तारखांची नसून माहितीची. तिच्यात दरवर्षी बदलत नाही ते लिहायचं.

गॅसचं पान: ग्राहक क्रमांक, आणि प्रत्येक सिलिंडर लावल्याची तारीख. तीन सिलिंडरांच्या तारखा झाल्या की आपल्या घरात १४.२ किलोचं सिलिंडर किती दिवस पुरतं ते आपोआप कळतं. रबरी नळी बदलल्याची तारीखही इथंच. सुरक्षा नळीची मुदत साधारण पाच वर्षांची असते आणि ती नळीवरच छापलेली असते. सिलिंडर आलं की वरच्या कड्याच्या पट्टीवर आतून एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे दिसतात, ते पाहून घ्या. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ती त्या सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत. मुदत उलटून गेलेलं सिलिंडर घेऊ नका, बदलून मागा.

माणसांची पानं: प्रत्येकाला एक पान. रक्तगट, कोणतं औषध सोसत नाही, रोजची गोळी कोणती आणि किती वाजता. मुलांच्या पानावर लशी. बाळपणीच्या लशी आपण नेमानं देतो, पण सरकारी वेळापत्रकातल्या १० व्या आणि १६ व्या वर्षांच्या धनुर्वात-घटसर्पाच्या लशी हमखास विसरल्या जातात. घरात निवृत्तिवेतन घेणारं वडीलधारं माणूस असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला त्यांच्या पानावर लिहा.

पैशांचं पान: आयुर्विम्याचा हप्ता वार्षिक, सहामाही किंवा तिमाही असेल तर ३० दिवसांची, आणि मासिक असेल तर १५ दिवसांची सवलत मिळते. पण त्या सवलतीवर विसंबू नका. मूळ तारीख आठवड्याच्या पानावर आधीच चढवून ठेवा. एक मात्र कटाक्षानं पाळा: बँकेच्या कार्डाचा गुप्त क्रमांक किंवा मोबाइलचे परवलीचे शब्द या वहीत नकोत. वही सगळ्यांच्या हातात जाणार आहे.

सण सरकतात, त्यांचं काय?

आपले बहुतेक सण चंद्रावर चालतात. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून सण दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे येतात आणि अधिक मास पडला की पुन्हा पुढं जातात. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळं १४ सप्टेंबरला. तेव्हा सणांच्या तयारीची यादी वहीत कायमची लिहू नका. वेगळ्या पट्टीवर लिहा: "१५ दिवस आधी चकलीची भाजणी, ८ दिवस आधी पितळेची भांडी, ४ दिवस आधी नारळ." ती पट्टी त्या वर्षीच्या आठवड्यात टाचणीनं लावायची आणि सण झाला की काढून ठेवायची. संक्रांत सूर्यावर चालते, म्हणून १४ जानेवारीच्या आसपासच राहते. तसंच वाळवणं, तिखट-मसाला, वर्षाचे गहू भरणं ही उन्हाची कामं. ती मार्च ते मेच्या पानांवर लिहिली तर दरवर्षी तिथंच सापडतील.

वेष्टन

शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा १६ बाय २२ सेंटिमीटरचे दोन तुकडे कापून घ्या. ओटीत आलेले खण कपाटात पडून असतातच! त्यातला एक ४० बाय २८ सेंटिमीटर कापा. मधे २ सेंटिमीटर अंतर सोडून दोन्ही पुठ्ठे त्यावर खळीनं चिकटवा आणि कडा आत दुमडा. खळ घरचीच करा: दोन चमचे मैदा कपभर पाण्यात कालवून, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा. कसर लागू नये म्हणून तयार खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे. मुलांच्या घरात नकोच. वर पोळपाट आणि त्यावर वरवंटा ठेवून रात्रभर दाबून ठेवा. वाळलं की आतल्या बाजूला जुन्या लग्नपत्रिकेचं पाकीट चिकटवा, त्यात बिलं आणि सणांच्या पट्ट्या राहतील. मधल्या दोन सेंटिमीटरच्या जागेवरून नाडीच्या इलॅस्टिकचे दोन वेढे उभे बांधा. एकाखाली चालू तिमाहीची वही सरकवा, दुसऱ्याखाली कायमची. तिमाही संपली की जुनी वही काढायची, नवी घालायची.

वही कपाटात ठेवू नका. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला अडकवा आणि पेन्सिल दोऱ्यानं बांधा. पेन्सिल सुटी ठेवली तर संध्याकाळपर्यंत दिसायची नाही!

आता तो चौथा भाग. त्याच्यावर "माझं" असं लिहा. डोळ्यांचा नंबर तपासायचाय, दाढ दाखवायचीय, मैत्रिणीला पत्र किंवा फोन राहिलाय, वाचनालयाचं पुस्तक अर्धंच पडलंय. आठवड्यात एक तरी गोष्ट इथं लिहायचीच, आणि ती दुसऱ्याच्या कामासाठी खोडायची नाही. हा चौकोन कोरा जात असेल तर तीन आठवड्यांनी पानं उलटून पाहा. डावं पान गच्च आणि हा कोपरा रिकामा, हे घरातल्यांनाही दिसेल. त्याबद्दल मग एका संध्याकाळी वही पुढ्यात घेऊनच बोला. त्यातली कोणती दोन कामं कुणी घ्यायची, हे तिथंच पेन्सिलीनं नावासकट लिहा.

नव्या वर्षाची वाट बघायलाही नको. येत्या रविवारी सात कागद घ्या आणि पुढच्या सोमवारची तारीख घालून सुरुवात करा.