हेक्टरी भरपाई आणि भूमिहीन माणूस

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. बागांची भरपाई हेक्टरी ठरली. पण त्या वाड्यांत राबणाऱ्या मजुराच्या नावावर सातबारा नाही. त्याची बुडालेली मजुरी कोणत्या पंचनाम्यात लिहिली? ही भूमिहीनता आभाळातून पडलेली नाही. कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले, ते याचसाठी.

अरबी समुद्र तापतो आहे, तीव्र वादळे वाढत आहेत. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चे कलम ६१ मदत व भरपाई देताना जातिभेदास मनाई करते. परंतु ज्याची नोंदच नाही, त्याला हे कलम काय देणार? म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे : जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला कायम कर्मचारी व स्वतंत्र निधी द्या, बौद्धवाडी, कोळीवाडा, आदिवासीवाडीचे प्रतिनिधी त्याच्या कामात घ्या, मजुरांची नोंद वादळाआधी करा, पंचनाम्यांची यादी ग्रामपंचायतीत लावा. शासनाने हे टाळले, तर कलम ६१ हाती घेऊन आम्हाला न्यायालयाची पायरी चढावी लागेल.