थाळीवर आरोप, धुराला अभय

रक्ताचा कर्करोग झाल्याचे कळताच आपल्याकडे रुग्णाच्या आहाराची झडती सुरू होते. साखर, मैदा, बाहेरचे जेवण! साखरेची वकिली करण्याची आम्हांस हौस नाही. परंतु तीव्र मायलॉइड ल्युकेमियाबाबत या आरोपांना ठाम पुरावा नाही. जीवनशैलीतील सिद्ध झालेला दोष आहे तो धूम्रपानाचा. सिगारेटच्या धुरात बेंझिन असते आणि ते थेट अस्थिमज्जेवर घाव घालते.

मात्र सारेच काही हे विष हौसेने घेत नाहीत. इस्तंबूलच्या जोडे बनविणाऱ्या कारागिरांनी कोणते कुपथ्य केले होते? डॉ. मुझफ्फर अक्सोय यांनी १९७४ साली तेथील ल्युकेमियाग्रस्त २६ कामगारांची नोंद प्रसिद्ध केली. कोंदट खोल्यांत बेंझिनयुक्त चिकटद्रव्य हाताळणे, एवढाच त्यांचा अपराध!

आपल्या पेट्रोलमध्येही एक टक्क्यापर्यंत बेंझिनला मुभा आहे. पंपावर दिवसभर नळी धरून उभा राहणारा मुलगा ती वाफ रोज श्वासात घेतो. उद्या तो आजारी पडला, तर त्याच्याही वडापावाचीच चौकशी होणार काय?