गाडी कुठे टाकायची?

होस्टेलवरच्या फार थोड्या मुलांकडे स्वतःची चारचाकी असते. पण घरची गाडी ठोकली गेली की फोन मात्र इकडे येतो. "तू इंजिनियरिंगला आहेस ना? मग सांग, गाडी कुठे टाकू?" ब्रँच सिव्हिल असो की कॉम्प्युटर, घरच्यांच्या लेखी आपण सगळे मेकॅनिकच! तिकडे टोचन करणारा म्हणत असतो, "ओळखीचं गॅरेज आहे साहेब." एजंट सांगतो, "कॅशलेसवाल्याकडेच टाका." शेजारच्या काकांचा तर नाक्यावर एक डेंटर ठरलेलाच असतो. सगळ्यांची मतं घेऊन होतात, पण गाडीला नेमकं काय झालंय हे कुणी पाहिलेलं नसतं.

आधी एक गैरसमज दूर करू. पॉलिसी सर्वसमावेशक असेल (नुसती थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचं काहीच मिळत नाही), तर गाडी विमा कंपनीच्या यादीतल्या गॅरेजलाच टाकायला हवी असं नाही. यादीत नसलेल्या गॅरेजला टाकली तर बिल आपण भरायचं आणि पावत्या देऊन पैसे परत मागायचे, एवढाच फरक. मात्र कंपनीला कळवल्याशिवाय आणि सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय गाडीला पाना लावू द्यायचा नाही. बहुतेक पॉलिसींत अजूनही छापलेलं असतं की मालक स्वतःच्या अधिकारात फक्त ५०० रुपयांपर्यंतची दुरुस्ती करून घेऊ शकतो. पाचशे रुपयांत आज काय येतं ते विचारू नका!

दुसरा गैरसमज 'कॅशलेस' या शब्दाचा. कॅशलेस म्हणजे फुकट नव्हे. घसाऱ्याची कात्री कुठल्याही गॅरेजात तीच चालते. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के कापतात, काचेवर काहीच नाही, आणि पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. समजा साडेतीन वर्षांची गाडी आहे. बंपर ८,००० चा, बोनेट १०,००० चं, रंगकाम १२,००० चं. बंपरचे ४,००० गेले. बोनेटवर २५ टक्के, म्हणजे २,५०० गेले. रंगाच्या एकत्र बिलात चौथा हिस्सा मालाचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे १,५०० गेले. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० रुपये आपल्याच खिशातून. कर बाजूला ठेवला तरी तीस हजारांतले नऊ हजार आपण भरतो. 'झिरो डेप' घेतलेलं असेल तर घसाऱ्याचा बराचसा भार हलका होतो, पण ते पॉलिसीवर अवलंबून आहे, गॅरेजवर नाही. मग 'कॅशलेस आहे' एवढ्यावरच गॅरेज निवडण्यात काय अर्थ?

माझ्या मते निवड मार कुठवर गेलाय त्यावर व्हावी. आपण फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये जॉब घासत होतो आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीवरून सर तो परत करत होते, आठवतंय? गाडीच्या सांगाड्याचंही तसंच आहे. पुढच्या धडकेत बोनेटखालचे दोन लांब दांडे ठरवल्याप्रमाणे चुरगळतात आणि धडकेची ऊर्जा गिळतात, म्हणून आतली माणसं वाचतात. भारतात ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना ताशी ५६ किलोमीटरची धडक चाचणी सक्तीची झाली, तीही या रचनेचीच परीक्षा. असा वाकलेला दांडा गॅस कटरने लाल करून, हातोडीने ठोकून सरळ केला तर वरून रंग झकास दिसेल. पण उच्च ताकदीचं पोलाद असं तापवलं की त्याची ताकद जाते. पुढच्या धडकेत तो दांडा कसा वागेल हे मग कुणीच सांगू शकत नाही.

म्हणून नुसता दार-बंपरचा मार असेल तर नाक्यावरचा हुशार डेंटर मला अधिकृत वर्कशॉपपेक्षा आवडतो. तो पत्रा बदलण्याआधी वाचवायला बघतो, आणि आपल्यासमोर काम करतो. पण चाक मागे सरकलं असेल, दार लागताना अडत असेल, एअरबॅग उघडली असेल, तर गाडी जिथे बाकावर बांधून ओढतात, कर्ण मोजतात आणि कंपनीच्या मापांशी ताडून बघतात तिथेच टाकायची. कॅशलेस असो वा नसो. उसने पैसे घ्यावे लागले तरी चालेल. गॅरेजवाल्याला सरळ विचारायचं, "माप कशावर घेता? ओढण्याआधीचं आणि नंतरचं माप दाखवाल का?" जो हसण्यावारी नेतो, त्याच्याकडून गाडी उचलायची.

आणखी एक प्रकार सर्रास चालतो. "साहेब, मागचा जुना डेंट पण यातच घुसवतो, तुमचे हजार रुपयेही सोडतो." ऐकायला गोड वाटतं. पण खोटा क्लेम मालकाच्या सहीने जातो, गॅरेजवाल्याच्या नाही! पकडला गेला तर खरा क्लेमही बुडतो. शिवाय जो तुमच्यासाठी विमा कंपनीला फसवायला तयार आहे, तो नव्या पार्टचं बिल लावून जुनाच पार्ट रंगवून बसवणार नाही कशावरून?

गाडी उघडल्यावर आतलं आणखी नुकसान दिसलं तर काम थांबवून सर्व्हेअरला पुन्हा बोलवायला लावा. त्याने न पाहिलेल्या भागाचे पैसे नंतर मिळवताना नाकी नऊ येतात. आणि काढलेले जुने पार्ट भंगारात जायच्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

शेवटी गाडी न्यायला गेलात की गॅरेजवाला चावीसोबत एक कागद पुढे करतो, काम समाधानकारक झालं असं लिहिलेला. बाबा घाईत असतात, सही करून मोकळे होतात. त्यांना म्हणावं, आधी एक लहान चुंबक पत्र्यावर फिरवून बघा. धरत नसेल तिथे खाली लांबी थापलीय. दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते बघा. मग मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकेच धरून गाडी सरळ जाते का, एका बाजूला ओढते का, ते पाहा. ओढत असेल तर चावी परत द्या, आणि तो कागद कोराच राहू द्या.