पेटी मजबूत, पण विश्वास?

अणुशक्तीपासून वीज मिळते हें आमच्या वाचकांस विदित आहेच. परंतु मागें उरणाऱ्या किरणोत्सारी कचऱ्याचा विचार थोडेच लोक करितात. हा कचरा कित्येकदां एका देशांतून दुसऱ्या देशांत न्यावा लागतो. जर्मनीनें आपल्या वीजकेंद्रांतील वापरलेलें इंधन, त्यांतील उपयुक्त भाग निराळा काढण्यासाठीं, फ्रान्समधील ला हाग येथें अनेक वर्षें पाठविलें. तेथें उरलेला कचरा कांचेच्या रसांत मुरवून आगगाडीनें जर्मनीस परत आला. ज्याचा कचरा त्यानेंच सांभाळावा, हा करार आम्हांस न्याय्य वाटतो.

या प्रवासाच्या पेट्या पाहिल्या म्हणजे मनुष्याच्या बुद्धीचें कौतुक वाटतें. ‘कास्टर’ नांवाची भरलेली पेटी १०० टनांहून जड असते. तिची बिडाची भिंत सुमारें ४० सेंटिमीटर जाड असते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें अशा पेटीनें ९ मीटर उंचीवरून कठीण पृष्ठावर पडणें, १ मीटरावरून पोलादी खुंट्यावर आदळणें आणि ८०० अंश सेल्सिअसच्या आगींत अर्धा तास राहणें, एवढें सोसलें पाहिजे. पाण्यांत बुडवूनही परीक्षा होते, ती निराळीच.

असें असूनही १९९८ सालीं ही वाहतूक बंद पडली. पेटी फुटली नव्हती. इंधन भरतांना ती पाण्याच्या हौदांत बुडवितात. त्या पाण्यांतील किरणोत्सारी अंश कांहीं पेट्यांच्या बाहेरील अंगास चिकटून राहिला होता. लोणच्याची बरणी कितीही घट्ट बांधली, तरी बाहेरून लागलेलें तेल न पुसल्यास गांठोडें डागाळतेंच! दर चौरस सेंटिमीटरास ४ बेकरेल ही मर्यादा. ती ओलांडली गेली होती. ही गोष्ट वीजकंपन्यांस पूर्वीपासून ठाऊक होती. पण त्यांनीं ती सरकारास कळविली नाहीं. तेव्हां पर्यावरणमंत्री अँगेला मर्केल यांनीं वाहतूक थांबविली. ती पुन्हा सुरू होण्यास २००१ साल उजाडलें.

कोणी म्हणतील, “त्या डागांपासून कोणास अपाय झाल्याचें आढळलें नाहीं, मग लोकांस उगाच भिववावें कशाला?” हें मत आम्हांस मान्य नाहीं. गाडी हांकणारा, डबे जोडणारा आणि रुळाशेजारीं पहारा करणारा शिपाई, यांस आपण कशाजवळ उभे आहों हें जाणण्याचा हक्क आहे. अपाय लहान कीं मोठा, हें ठरविण्याचा अधिकार लपविणाऱ्याचा नव्हे. पुढें २०११ च्या नोव्हेंबरांत गोर्लेबेनला निघालेल्या गाडीस विरोधकांनीं वाट अडविल्यामुळें सुमारें पांच दिवस लागले. विरोधाचीं कारणें अनेक होतीं. परंतु एकदां गेलेला विश्वास बिडाच्या भिंतीनें परत येत नाहीं, हेंही त्यांतलें एक होतें.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां असल्या पेट्या घडवील, कोणी त्या तपासील. मापनयंत्राचा कांटा मर्यादेपलीकडे गेला, तर तो आंकडा त्याच दिवशीं वहींत लिहा आणि वरिष्ठांस व कामकऱ्यांस सारखाच सांगा. पेटीच्या सर्व परीक्षांहून ही परीक्षा अवघड आहे. कारण ती पेटीची नसून आपली आहे.