वाटेवरचा आडोसा

भाताची कापणी आटोपत आली आणि पहाटेची थंडी जाणवू लागली, म्हणजे आमच्या सीमाभागातील कित्येक गावांत जुन्या गोव्याच्या पदयात्रेची बोलणी सुरू होतात. ३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण. तत्पूर्वीच्या नोव्हेनाच्या दिवसांत बेळगाव-खानापूरकडील जथे जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी अशी वाट धरून पायी निघतात. शिधा कोणी किती द्यावा, अंथरुणे कोणाच्या गाडीत टाकावीत, औषधांची पेटी कोणी सांभाळावी, याच्या याद्या होतात. एका गोष्टीची मात्र यादीत नोंद होत नाही. कारण ती चारचौघांत उच्चारण्यास संकोच वाटतो. ती ही, की वाटेवरच्या मुक्कामी आपल्या बायाबापड्यांनी शौचास व स्नानास जावे कोठे?

आज तो संकोच बाजूस ठेवून आम्ही याच विषयावर लिहीत आहोत. त्यास कारणही तसेच घडले.

२०२४ साली आम्ही अशाच एका जथ्याबरोबर चालत होतो. घाट उतरताना आमच्या सोबतीच्या एका वृद्ध मावशींना चक्कर आली व त्या रस्त्याच्या कडेलाच बसल्या. ऊन फारसे नव्हते, चालही संथ होती. आम्ही पाण्याचा तांब्या पुढे करून विचारले, "मावशी, सकाळपासून पाणी किती प्यालात?"

"एक घोट, बाबा," त्या म्हणाल्या. "प्यालं की जावं लागतं, आणि जायचं कुठं? दोन्ही अंगांनी माणसं."

पुढे चौकशी केली, तेव्हा कळले की जथ्यातील बहुतेक स्त्रिया असेच करीत होत्या. पहाटे अंधारात उठून एकदा जाऊन यायचे, नंतर रात्र पडेपर्यंत पाणी टाळायचे. दिवसभर चालणाऱ्या देहाला पाणी न मिळणे आणि लघवी तासन् तास रोखून धरणे, या दोहोंचा परिणाम कोणताही डॉक्टर सांगेल: डोके गरगरते, लघवीला जळजळ लागते, ताप भरतो. आमच्या आयाबहिणी हे सारे मुकाट्याने सोसतात, आणि आपण पुरुष मंडळी त्यास भक्ती व सहनशीलता अशी नावे देतो. ही गोष्ट आम्हांस फार लागली.

खरे पाहता हा विषय पवित्र शास्त्रानेही टाळलेला नाही. अनुवाद ग्रंथाच्या २३ व्या अध्यायात इस्राएल लोकांच्या छावणीसाठी नियम आहे, की शौचासाठी छावणीबाहेर जागा नेमलेली असावी, सामानात खणण्याचे हत्यार असावे आणि विष्ठा मातीने झाकून टाकावी. वाटसरू लोकांची स्वच्छता हाही त्यांच्या उपासनेचाच भाग मानला गेला. मग यात्रेकरूंनी तरी त्यात लाज का मानावी?

सांप्रत सहलीस जाणाऱ्यांसाठी स्नानाच्या व शौचाच्या छोट्या राहुट्या बाजारात मिळतात. तळाशी सुमारे चार फूट लांब व तितकीच रुंद, उंचीला साडेसहा ते सात फूट, अशी त्यांची सर्वसाधारण घडण असते. दुमडली की सहज काखोटीस मारता येते. तथापि सर्व राहुट्या सारख्या नसतात, आणि आम्ही पहिली घेतली ती पुरती फसलो. म्हणून निवडीविषयी चार शब्द सांगतो.

सर्वांत आधी कापड पाहावे. आमच्या पहिल्या राहुटीचे कापड दिवसा चांगले दाट दिसे. रात्री आत विजेरी लावताच आतील माणसाची संपूर्ण छाया बाहेर उमटू लागली. ज्यासाठी राहुटी घेतली तोच हेतू फसला. तेव्हापासून आमची परीक्षा अशी: राहुटी घेण्यापूर्वी, निदान परत करण्याची मुदत आहे तोवर, ती अंधारात अंगणात उभी करावी, घरातील एकाने विजेरी घेऊन आत उभे राहावे आणि दुसऱ्याने चारही बाजूंनी फिरून पाहावे. ज्या कापडाच्या आतील अंगास रुपेरी किंवा काळा लेप असतो, ते बहुधा या परीक्षेस उतरते. त्याच वेळी कापडाची खालची कड जमिनीस टेकते की वीतभर फट राहते, हेही पाहून घ्यावे. चेन आतून व बाहेरून दोन्हीकडून ओढता यावी. वारा व दुर्गंधी यांसाठी जाळीची खिडकी हवी, पण ती डोक्याच्या वर असावी.

दुसरा विचार सांगाड्याचा. एका जातीच्या राहुटीत पोलादी पट्टीची कडी शिवलेली असते. पिशवीतून काढताच ती आपोआप उघडते. उघडणे क्षणाचे काम, परंतु मिटणे ही विद्या आहे. पीळ देऊन एकावर एक वेटोळी बसवावी लागतात. आमच्या जथ्यातील दोन तरुण पहाटे अर्धा तास तिच्याशी झुंजत होते व बाकीचे निघण्यासाठी खोळंबले होते. दुसऱ्या जातीत दांड्या जोडून सांगाडा उभा करावा लागतो. ती जड असते, उभारण्यास वेळ लागतो, पण वाऱ्यात ठाम राहते. रोज मुक्काम हलवणाऱ्यांस पहिली सोयीची. मात्र तिची घडी घरीच पाचसहा वेळा करून हात बसवावा. दोनतीन दिवस एकाच जागी राहणाऱ्यांनी दुसरी घ्यावी.

कोणतीही घेतली तरी तणाव्याचे दोर व मेखा मजबूत असाव्यात. आपल्या भागातील जांभ्या दगडाच्या जमिनीत बारीक मेखा शिरत नाहीत, वाकतात. यासाठी चार रिकाम्या पिशव्या सोबत न्याव्यात, त्यांत वाळू किंवा धोंडे भरावेत आणि दोर त्यांस बांधावेत. घाटमाथ्यावरचा वारा हलकी राहुटी, आत माणूस असतानाही, उचलण्यास कमी करीत नाही.

तिसरी गोष्ट तळाची. शौचाच्या राहुटीस तळ नसावा, किंवा काढता येण्याजोगा असावा. स्नानाच्या राहुटीत शिवलेला तळ असला तर पाणी साचून चिखल होतो; त्यापेक्षा उघड्या जमिनीवर एक लाकडी फळी टाकलेली बरी. आणि या दोन्ही राहुट्या वेगळ्याच ठेवाव्यात. स्नानाचे पाणी शौचाच्या खड्ड्यात गेले की खड्डा भरतो, दुर्गंधी सुटते आणि मळ वाहून जातो. एकच राहुटी परवडत असेल तर ती शौचासाठी ठेवावी; स्नान एक दिवस चुकले तरी चालते.

आता खड्ड्याविषयी. आधी जागेच्या मालकास विचारावे. वनखात्याच्या जमिनीत परवानगीवाचून खणू नये. ओढा, विहीर किंवा झरा यांपासून निदान २०० फूट, म्हणजे मोठ्या माणसाची सुमारे ८० पावले, दूर राहावे. कणकुंबीस मलप्रभा नदी उगम पावते, हे यात्रेकरूंनी विशेष ध्यानी धरावे. तेथे आपण जे टाकू ते पुढील अनेक गावांच्या पाण्यात उतरेल. एका रात्रीच्या मुक्कामास हात-दीड हात खोल खड्डा पुरे. खणलेली माती शेजारीच ठेवून प्रत्येकाने जाऊन आल्यावर दोन ओंजळी टाकावी. सोबत चुलीची राख किंवा भाताचे तूस असले तर उत्तमच. निघताना खड्डा पूर्ण बुजवावा. बाहेर पाण्याचा डबा व साबण ठेवण्यास विसरू नये. ज्या वृद्धांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी आजाऱ्याच्या खोलीत वापरतात तशी मध्ये भोक असलेली खुर्ची गाडीत टाकावी. ती खड्ड्यावर नीट बसते.

स्नानासाठी काळ्या जाड प्लॅस्टिकची २० लिटरची पिशवी मिळते. तिला खाली नळी व झारी असते. ती भरून दिवसभर गाडीच्या टपावर उन्हात ठेवली की संध्याकाळी कोमट पाणी मिळते. मात्र २० लिटर पाणी म्हणजे २० किलो वजन, हे आम्ही विसरलो, पिशवी राहुटीच्या छतास टांगली आणि सगळा सांगाडा खाली बसला. पिशवी झाडाच्या फांदीसच टांगावी. फांदी नसेल तर आपली बादली व तांब्या काय वाईट? अर्ध्या बादलीत एकाचे स्नान होते.

किती राहुट्या घ्याव्यात? आपद्ग्रस्तांच्या छावण्यांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'स्फिअर' मानकांच्या २०१८ च्या आवृत्तीत २० माणसांमागे एक शौचकूप, आणि पुरुषांच्या एका शौचकूपामागे स्त्रियांचे तीन, असे प्रमाण सांगितले आहे. आपल्या जथ्यांस तितके जमणार नाही. परंतु त्यातील तत्त्व घेता येते. दोनच राहुट्या असतील तर दोन्हींवर पहिला हक्क स्त्रियांचा. पुरुषांनी आपली सोय दूर, विरुद्ध दिशेस करावी. आणि मुक्कामी पोहोचताच चूल पेटवण्याआधी राहुटी उभी राहावी, कारण दिवसभर वाट पाहणाऱ्यांस चहाहून तिची निकड अधिक असते.

घरी परतल्यावर राहुटी धुऊन दोन दिवस सावलीत वाळवावी. ओली गुंडाळली तर बुरशी धरते व कापडाचा लेप सुटतो. चारपाच घरांनी वर्गणी काढून एक घेतली तरी ती पुष्कळ यात्रा पुरेल, शिवाय लग्नकार्यात व आजारपणातही उपयोगी पडेल.

२०२५ च्या यात्रेत आम्ही दोन राहुट्या नेल्या. घाटाच्या अलीकडे दुपारी थांबलो, तेव्हा पोरांनी आधी एक उभी केली. त्याच मावशी या खेपेसही आल्या होत्या. त्यांनी राहुटीकडे पाहिले, जाऊन आल्या, सावलीत बसल्या आणि म्हणाल्या, "आण रे बाबा, तांब्याभर पाणी आण."

तांब्या त्यांनी रिकामा करून दिला. या वर्षीची यादी लिहावयास बसाल, तेव्हा शिध्याच्या वर, पहिल्या ओळीत, आडोसा लिहा.