इशारा कोणी ऐकावयाचा?

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे, बद्रीनाथपलीकडील माणा गावाजवळ, सीमा रस्ते संघटनेच्या कामावरील ५४ मजूर हिमप्रपातात सापडले. लष्कराने व इतर पथकांनी शर्थ केली. ४६ जीव वाचले, ८ गेले. अशा घटनेस निसर्गाचा कोप म्हणून मोकळे होणे सोपे असते. परंतु आदल्याच दिवशी सायंकाळी चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेने चमोलीसह उत्तराखंडातील काही जिल्ह्यांच्या २,४०० मीटरवरील प्रदेशास चोवीस तासांचा इशारा दिलेला होता. इशारा होता, हिमवृष्टी चालू होती, आणि मजूर उताराखालच्या छावणीत झोपले होते!

हिमप्रपात हे आता गूढ राहिलेले नाही. डोंगरावरील बर्फ हा एकसंध ढीग नसून थरांची चळत असते. निरभ्र, थंड रात्री पृष्ठभागावर पिसासारखे नाजूक स्फटिक जमतात. थर उथळ असेल तर जमिनीलगतचा बर्फ साखरेसारखा सुटा, दाणेदार होतो. त्यावर नवा बर्फ, विशेषतः वाऱ्याने वाहून आणून घट्ट बसविलेला, येऊन पडला म्हणजे साखरेवर शिळा ठेवल्यासारखी अवस्था होते. उतार ३० ते ४५ अंशांचा असल्यास एका माणसाचा भारही ती शिळा सोडविण्यास पुरतो. एका दिवसात फूटभर हिमवृष्टी, जोराचा वारा किंवा एकाएकी वाढलेला उष्मा, या धोक्याच्या खुणा होत. पायाखाली ‘धप्’ असा पोकळ आवाज झाला, किंवा पावलापासून भेग धावत गेली, तर याहून स्पष्ट भाषा डोंगराने कोणती बोलावी?

जाणकार बर्फात खड्डा खणतात, फूटभर रुंदीचा स्तंभ मोकळा करतात आणि त्यावर फावडे ठेवून दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून व दहा खांद्यातून मारतात. कितव्या थापेला कोणता थर निसटतो ते पाहतात. शिक्षकाचा पेशा केलेल्यांना या परीक्षेचे मर्म आणि तिची मर्यादाही लगेच कळेल. एका खड्ड्याचे उत्तर त्या खड्ड्यापुरते असते. कच्चा थर सापडला तर मागे फिरावे. न सापडला म्हणून पुढे जाण्याचा परवाना मिळत नाही.

धोक्याच्या पाच पायऱ्यांपैकी तिसरी म्हणजे ‘मध्यम’, अशीही एक भाबडी समजूत आहे. स्वित्झर्लंडात सर्वाधिक बळी पडतात ते याच पायरीच्या दिवशी. पुण्यामुंबईहून हिवाळ्यात हिमालयाकडे निघणाऱ्या हौशी मंडळींनी हे ध्यानी धरावे. सह्याद्रीत तयार झालेला पाय कातळ ओळखतो, बर्फ नव्हे.

तथापि हौशी प्रवाशास मागे फिरता येते. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का दांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीतील २७ जणांचे मृतदेह मिळाले, दोघे मिळालेच नाहीत. त्यांत बहुतेक प्रशिक्षणार्थी होते. प्रशिक्षणार्थी गुरूमागे चालतो, मजूर मुकादमाच्या शब्दावर राहतो. खड्डा खणण्याची वा छावणी सोडण्याची मुखत्यारी त्यांच्यापाशी नसते. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. तिसऱ्या वा त्यावरील पायरीचा इशारा येताच उताराखालची वस्ती त्याच सायंकाळी हलविली जावी, तो आदेश काढणारा अधिकारी आधीच नेमलेला असावा, आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी मजुराच्या पदरात पडावी.