लेयर बंद केल्याने भिंत हलत नाही

कॅडचं ड्रॉइंग हातात आलं की आपल्याकडची पोरं ते सरळ स्केचअपमध्ये किंवा रेव्हिटमध्ये ओढतात, एक्सप्लोड मारतात आणि नको वाटतील त्या रेघा पुसत बसतात. माझं मत असं की ही सवय आधी मोडली पाहिजे. मॉडेल कसं दिसतं, रेंडर किती चकचकीत आला, हे सगळं नंतरचं.

हे मी शहरातल्या मोठ्या ऑफिसांसाठी लिहीत नाही. तिथे या कामाला वेगळा माणूस असतो. धनजसारख्या गावात बसून, आयटीआयचा आरेखक स्थापत्य हा ट्रेड करून, अमरावतीची नाहीतर पुण्याची कामं लॅपटॉपवर उतरवणाऱ्या मुलामुलींसाठी लिहितोय. त्यांना लेयर म्हणजे रेघेचा रंग, एवढंच शिकवलं जातं.

लेयर ही कल्पना कॉम्प्युटरच्या आधीची. एका ट्रेसिंगवर भिंती, दुसऱ्यावर वायरिंग, तिसऱ्यावर पाणी-सांडपाणी, आणि सगळे कागद एकावर एक ठेवून बघायचे. 1982 साली ऑटोकॅड आलं आणि ही पद्धत पडद्यावर गेली. पण पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच शब्दाचा अर्थ बदलला, आणि गोंधळ तिथे आहे. स्केचअपमध्ये वस्तू वेगळी ठेवायची तर ग्रुप किंवा कंपोनंट करावा लागतो. लेयर फक्त दाखवायला आणि लपवायला. म्हणून तर 2020 च्या आवृत्तीत त्यांनी लेयर हे नावच काढलं आणि टॅग केलं. दोन रेघा वेगळ्या टॅगवर असल्या तरी एकमेकींना चिकटतात. लपवलेल्या टॅगवरची रेघ तिथेच असते, आणि तुम्ही भिंत ओढली की तीही ओढली जाते. रेव्हिटमध्ये तर आपल्या ओळखीचा लेयरच नाही. तिथे भिंत ही भिंत असते आणि दार हे दार. कॅडचे लेयर तिथे पाहुण्यासारखे येतात आणि आयात केलेल्या वस्तूंच्या वेगळ्या यादीत बसतात. ते फोडले की प्रत्येक लेयरच्या नावाची एक लाइन स्टाइल प्रोजेक्टभर पसरते. मग ती निस्तरायला दिवस जातो.

आता खरी अडचण सांगतो. आमच्या भागातल्या एका मशिदीच्या वाढीव बांधकामाची फाइल माझ्याकडे आली होती. पावणेदोनशे लेयर. काहींच्या नावात मध्येच डॉलर, शून्य, डॉलर. अशी नावं दिसली की ओळखावं, कुणाची तरी दुसरी फाइल यात बांधून टाकलेली आहे. ज्या ऑफिसातून ती आली तिथे कुणीतरी एकदा फोडून पुन्हा सेव्ह केली होती. त्यामुळे मोजणीची हद्द आणि प्रत्यक्ष ताब्याची हद्द या दोन रेघा एकाच लेयरवर, एकाच रंगात आल्या होत्या. दोन्हींत एका बाजूला हातभर फरक. मॉडेल करणाऱ्याने बाहेरची रेघ धरली असती तर भिंत शेजाऱ्याच्या जागेत उभी राहिली असती. गावठाणात हातभर जागेवरून काय होतं ते सांगायला नको. मशिदीची जागा तर वक्फ, म्हणजे अमानत. एक इंचही जास्त घ्यायचा नाही.

दुसरी गोष्ट किब्ल्याची. आपल्या कारंजा-धनज भागातून किब्ला नेमका पश्चिमेला नाही, पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण आठ अंश सरकलेला आहे. चाळीस फुटांच्या सफेत आठ अंश म्हणजे एका टोकाला साडेपाच फूट. मोजणाऱ्याने ती दिशा वेगळ्या लेयरवर एका बारीक रेघेने दाखवली होती. त्या लेयरवर दुसरं काहीच नव्हतं. घाईत साफसफाई करणारा असाच लेयर आधी उडवतो. थोड्या फरकाने नमाज बिघडत नाही, असं बहुतेक उलमा सांगतात. तरी फरशीचे सांधे एकदा बसले की पुढची पन्नास वर्षं सफ त्यावरच उभी राहते.

आणि अक्षरं! जुन्या ड्रॉइंगमधलं मराठी बहुतेक कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतं. फॉन्ट नसेल तिथे ‘वजूखाना’ची इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. उर्दू खुशखत तर रेघा करूनच टाकलेलं असतं. मेहराबीवरची एक आयत म्हणजे हजारो तुकडे, आणि तेही लेयर शून्यवर. मॉडेल जड का झालं म्हणून लोक लॅपटॉपला शिव्या देतात.

काम फार मोठं नाही. मूळ फाइलला हात लावू नका, तिची प्रत करा. ऑटोकॅडमध्येच नको ते लेयर काढा, पर्ज करा, ऑडिट करा, एकक मिलिमीटर आहे की फूट ते बघा. स्केचअपमध्ये आधी रिकाम्या फाइलीत घ्या, सगळ्याचा एक ग्रुप करा, तो कुलूपबंद करून एकाच टॅगवर ठेवा आणि त्यावर नव्याने काढा. रेव्हिटमध्ये इम्पोर्ट नको, लिंक करा. तिथे कुठले लेयर घ्यायचे ते निवडायची सोय आहे, पण फारसं कुणी वापरत नाही. हद्द, दिशा, लेव्हल हे लेयर कधीही काढू नका, त्यावर एकच रेघ असली तरी.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, छोटी कामं आहेत. पण राज्यातल्या अनेक महापालिकांत परवानगीचं ड्रॉइंग पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीच्या ऑटोडीसीआरमधून गेलं आहे. त्यात क्षेत्रफळाची रेघ ठरलेल्या लेयरवर आणि बंद पॉलीलाइनची नसेल तर यंत्र ती मोजतच नाही. तिथे लेयरची शिस्त नसलेल्या पोराला कुणी दुसऱ्यांदा काम देत नाही, आणि ते पोरगं समजतं की आपण गावातले म्हणून दिलं नाही.

पैशाचं मात्र मी ठाम सांगतो. हे तास फुकट घालवू नका. बिलात थ्रीडीच्या वर एक ओळ घाला: मूळ ड्रॉइंगची साफसफाई, इतके तास. काही जण देतात. जे देत नाहीत ते निदान विचारतात, ही ओळ कशाची, आणि मग त्यांना ती फाइल उघडून दाखवता येते.